सीमाभागातल्या लहान उद्योगांची पाहणी कशी करावी

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या कॉलेजांत प्रकल्पासाठी ‘लघुउद्योगांच्या समस्या’ हा विषय दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. बहुतेक प्रकल्पांच्या शेवटी तीच यादी येते: भांडवल मिळत नाही, कामगार टिकत नाहीत, वीज जाते, सरकार लक्ष देत नाही. यातलं काही खोटं नसतं. पण कोणाची वीज जाते, कधी जाते, त्यात नुकसान किती होतं आणि शेजारच्या गावात तसं होतं का, यातलं काहीच त्या यादीतून कळत नाही. मग ती यादी ना उद्योजकाच्या कामाची, ना अधिकाऱ्याच्या.

विकसनशील देशांत धंदा करणं कशामुळे सोपं होतं, कशामुळे अवघड होतं आणि त्यात तिथल्या संस्थांचा वाटा किती, हा अर्थशास्त्रातला मोठा विषय आहे. संस्था म्हणजे इमारती किंवा कार्यालयं एवढंच नव्हे. १९९३ साली नोबेल मिळालेले डग्लस नॉर्थ यांनी संस्था म्हणजे समाजात व्यवहार ज्यांच्या आधाराने चालतो ते नियम, अशी मांडणी केली. त्यात लिहिलेले कायदे येतात, तसेच न लिहिलेले रिवाजही येतात. बिल किती दिवसांत चुकवायचं हे कायद्यात एक असतं आणि गल्लीत दुसरं असतं. हे दुसरं काय आहे ते नीट मोजणं, हेच या पाहणीचं खरं काम. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी थोडं मागचं वाचा

सगळं वाचायची गरज नाही. चार-पाच गोष्टी नीट समजून घेतल्या तरी सुरुवात होते.

पहिली गोष्ट पेरूची. १९८० च्या दशकात तिथले अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिमा शहराच्या कडेला कपडे शिवायचं एक छोटं दुकान रीतसर नोंदवून पाहायचं ठरवलं. रोज सहा-सहा तास खर्चून सगळे अर्ज आणि शिक्के मिळवायला २८९ दिवस लागले. खर्च आला महिन्याच्या किमान वेतनाच्या ३१ पट. या प्रयोगाने जगाचं लक्ष एका साध्या प्रश्नाकडे गेलं: लोक नोंदणी टाळतात ते चुकारपणाने, की ती परवडतच नाही म्हणून?

पुढे जागतिक बँकेने ‘डूइंग बिझनेस’ नावाने देशांची क्रमवारी सुरू केली. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या अहवालात भारत १४२ वा होता, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ६३ वा आला. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे केले. पण त्या वर्षांतला भारताचा आकडा मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरून काढलेला होता, आणि तोही वकील, सीए अशा जाणकारांना ‘नियमाप्रमाणे किती दिवस लागतात’ असं विचारून. बेळगावच्या वडगावात दोन यंत्रमाग टाकलेल्या माणसाचा त्या आकड्याशी काही संबंध नव्हता. २०१८ आणि २०२० च्या अहवालांतल्या आकड्यांत गडबडी निघाल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ही क्रमवारीच बंद केली.

याच जागतिक बँकेची दुसरी पाहणी आहे, ‘एंटरप्राइझ सर्व्हे’. तिच्यात थेट उद्योगांत जाऊन मालकाला किंवा व्यवस्थापकाला विचारतात. मेरी हॉलवर्ड-ड्रिमायर आणि लँट प्रिचेट यांनी २०१५ साली या दोन्ही पाहण्या शेजारी ठेवल्या, तेव्हा कागदावरचे दिवस आणि उद्योगांनी सांगितलेले दिवस यांचा मेळ जवळजवळ बसत नव्हता. शिवाय एकाच देशात, एकाच परवान्यासाठी, कुणाला थोडेच दिवस लागले होते तर कुणाला अनेक महिने. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. सरासरी दिवस किती, यापेक्षा कुणाचं काम लवकर होतं आणि कुणाचं रखडतं, या प्रश्नात जास्त माहिती दडलेली असते. तुमच्या प्रकल्पात ती आली पाहिजे.

मात्र एंटरप्राइझ सर्व्हेचीही एक मर्यादा ध्यानात ठेवा. त्यात नोंदणी असलेले आणि किमान पाच कामगार असलेलेच उद्योग घेतात. आपल्या सरकारच्या ‘ॲन्युअल सर्व्हे ऑफ इंडस्ट्रीज’मध्ये वीज वापरणारे १० किंवा वीज न वापरणारे २० कामगारांचे कारखाने लागतात. म्हणजे निपाणीत घरी बसून बिड्या वळणारी बाई, शहापूर-खासबागेतला घरातला माग, खानापुरातली कुंभाराची भट्टी या दोन्हींतून सुटतात. अशा बिगरनोंदणी धंद्यांसाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेगळी वार्षिक पाहणी आहे, पण तिचे नमुने तालुक्यापर्यंत उतरून बोलण्याइतके मोठे नसतात. तुमच्यासाठी मोकळी जागा तिथेच आहे.

प्रश्न लहान करा

‘उद्यमबागेतल्या (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या) उद्योगांच्या समस्या’ हा प्रश्न नव्हे, हे एक अख्खं खातं झालं. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत येईल आणि दोन जागी विचारता येईल.

उदाहरण म्हणून थकलेल्या पेमेंटचा प्रश्न घेऊ, कारण बेळगावच्या जॉबवर्क करणाऱ्या शेडमध्ये तो सर्वांत आधी निघतो. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा काम घेतलं तर लेखी करार असला तरीही ४५ दिवसांच्या आत पैसे चुकवावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद मागायला राज्य सरकारने नेमलेली सुविधा परिषद. आयकर कायद्यातही बदल झाला आणि वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येणार नाही, असा नियम २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून आला. कागदावर याहून कडक नियम सापडणं अवघड.

आता मशीन शॉप चालवणाऱ्याला विचारा. ज्या कंपनीकडून महिन्याचं निम्मं काम येतं, तिच्याविरुद्ध परिषदेत अर्ज कोण करणार? दुसऱ्या दिवशी ऑर्डर शेजारच्या शेडला जाईल, ही भीती असते. म्हणून तुमचा प्रश्न असा बनतो: बिल दिल्यापासून पैसे खात्यावर यायला प्रत्यक्ष किती दिवस लागतात, आणि ज्याच्याकडे एकच मोठी पार्टी आहे त्याला जास्त दिवस लागतात का? इतका एक प्रश्न नीट सोडवलात तरी प्रकल्प चांगला होईल.

हद्दीचा उपयोग करा, पण जपून

आपल्या भागात अभ्यासकाला जे मिळतं ते पुण्या-बेंगळुरात बसलेल्याला मिळत नाही. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. निपाणीहून कोगनोळीचा टोलनाका पार केला की कागल. माणसं तीच, नातीगोती दोन्हीकडे, धंदेही बरेचसे तेच. फाउंड्री उद्यमबाग-मच्छे भागात आहे तशी कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावातही आहे. बदलतं काय, तर राज्य. इकडे वीज हेस्कॉमची, तिकडे महावितरणची. इकडे जागा केआयएडीबीकडून, तिकडे एमआयडीसीकडून. किमान वेतन वेगळं, यंत्रमागाच्या वीजसवलतीच्या अटी वेगळ्या, जमिनीचा उतारा वेगळा, सुविधा परिषद वेगळी. पेमेंटचा केंद्रीय कायदा मात्र दोन्हीकडे एकच. संस्थेमुळे फरक पडतो का, हे पाहायला याहून चांगली जागा शोधून मिळणार नाही.

हद्दीच्या दोन बाजूंची तुलना ही मान्य पद्धत आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ ला किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट फूडची दुकानं, वेतन वाढण्याआधी आणि वाढल्यानंतर अशी दोनदा पाहिली. नोकऱ्या घटतील असं पुस्तकी अर्थशास्त्र सांगत होतं, तसं घडलेलं दिसलं नाही. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं.

यातला ‘दोनदा’ हा शब्द लक्षात ठेवा. नुसतं एकदा जाऊन शिनोळी आणि उद्यमबाग यांची तुलना केलीत तर फसाल. समजा बेळगावातच राहणाऱ्या एखाद्याने जागा किंवा सवलत पाहून मुद्दाम हद्दीपलीकडे शेड घातली. त्याच्याकडे दुसरीकडे जायला पैसा होता, ओळख होती, धाडस होतं. त्याचा धंदा बरा चाललेला दिसला तर ते श्रेय महाराष्ट्राच्या नियमांचं की त्या माणसाचं? म्हणून प्रत्येकाला विचारा: इथे कधी आलात, आधी कुठे होता, का आलात. दोनदा जाणं शक्य नसेल तर निदान एखादी अशी तारीख निवडा की जिच्या आधीचं लोकांना नक्की आठवतं. १ जुलै २०१७ ही तशी तारीख आहे. जीएसटीच्या आधी बेळगावहून कोल्हापूरला माल पाठवायचा तर दोन टक्के केंद्रीय विक्रीकर, त्या कमी दरासाठी पार्टीकडून सी फॉर्म नावाचा कागद मिळवायची धडपड आणि हद्दीवर कराच्या नाक्याला थांबणं, हे सगळं होतं. नंतर ते गेलं आणि ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याआधी ऑनलाइन काढायचा कागद, आलं. तेव्हा हद्दीपलीकडच्या पार्ट्या किती होत्या, आता किती, हे जुन्या बिलबुकातून काढता येतं.

आणखी एक सांभाळायचं. ‘धंद्याला कर्नाटक चांगलं की महाराष्ट्र?’ असं कुणालाही विचारू नका. १९५६ पासून चिघळलेल्या प्रश्नाच्या गावात या वाक्याला धंद्याचं उत्तर येतच नाही, सीमाप्रश्नाचं येतं. मराठी माणूस एक सांगेल, कन्नड माणूस दुसरं, आणि दोघेही मनापासून सांगतील. तुमच्या हाती मात्र उद्योगाविषयी काही लागणार नाही. मत विचारण्याऐवजी घडलेलं विचारा: मीटरचा लोड वाढवायचा अर्ज कधी केला, वाढवून कधी मिळाला, मधे किती खेपा झाल्या.

यादी चालून तयार करा

उद्योगांची यादी मिळवायला विद्यार्थी जिल्हा उद्योग केंद्रात जातात किंवा उद्यम नोंदणीवर (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीवर) अवलंबून राहतात. जा जरूर, पण त्यावर थांबू नका. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच्या जबाबावर होते. कर्जासाठी नोंदवून पुढे काहीच न केलेले त्यात असतात, पत्ता घरचा असतो, आणि वर्षानुवर्षं चालणारा पण नोंदणी न केलेला त्यात नसतो. संघटनेच्या यादीत सभासद असतात, म्हणजे तुलनेने बरे चाललेले. ओळखीच्या काकांनी दिलेले दहा नंबर तर नकोतच.

खरी यादी पायी फिरून होते. एक वसाहत किंवा चार-पाच गल्ल्या ठरवा. कोपऱ्यापासून सुरू करून प्रत्येक दार लिहा: काय चालतं, अंदाजे किती माणसं, मोटारीचा किंवा मागाचा आवाज येतो का, बंद आहे का. वडगावात तर रस्त्यावरून माग दिसत नाही, ऐकू येतो. समजा ३०० दारं निघाली आणि तुम्हाला ३० ठिकाणी जायचंय. एक ते दहामधला आकडा चिठ्ठी टाकून काढा, चार आला तर चौथं, चौदावं, चोविसावं असं दार घ्या. त्या दारातला मालक नाही म्हणाला तर शेजारी शिरू नका. नकार म्हणून नोंदवा, आणि वेगळ्या दिवशी पुन्हा एकदा जाऊन पाहा.

कुलूप लागलेली शेड सोडून देऊ नका, हे कळकळीने सांगतो. जे टिकले त्यांनाच विचारलं तर सगळ्या अडचणी पार करता येण्याजोग्याच दिसतात. ज्यांना त्या पार करता आल्या नाहीत ते दुसरीकडे नोकरीला लागले, किंवा गावी शेतीवर गेले. शेजाऱ्याला विचारलं तर बंद पडलेल्याचा पत्ता बहुधा मिळतो. पाहणीतली सगळ्यांत मोलाची मुलाखत कित्येकदा तीच ठरते.

प्रश्नावली

इथे वेळ घाला. बाकी कुठे घाई झाली तरी चालेल.

नियम एकच: शेवटचं घडलेलं विचारा. ‘पेमेंटला उशीर होतो का?’ याला सगळे ‘होतोच की’ म्हणणार. त्याऐवजी म्हणा, ‘शेवटी ज्या बिलाचे पैसे आले, ते बिल काढा. तारीख काय? पैसे कधी आले?’ मग त्याआधीचं बिल, मग त्याआधीचं. अशी तीन बिलं प्रत्येकाकडून मिळाली की तुमच्याकडे मत राहत नाही, तारखा येतात. पार्टीचं नाव लिहून घेऊ नका. मोठी कंपनी, मधला व्हेंडर की किरकोळ गिऱ्हाईक, एवढं पुरे.

विजेचा प्रश्न घ्या. बहुतेक प्रश्नावल्यांत ‘महिन्यातून किती तास वीज जाते’ असं असतं. फाउंड्रीत हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. इंडक्शन फर्नेसमध्ये (विजेच्या भट्टीत) धातू वितळवून एक हीट, म्हणजे एका वेळचा रस, तयार व्हायला आली आणि त्याच वेळी दहा मिनिटं वीज गेली, की रस थंड व्हायला लागतो. साच्यात ओतण्याइतका तो गरम राहत नाही. आतच गोठला तर फर्नेसचं अस्तरही खराब होतं. त्याच कारखान्यात मोल्डिंग चालू असताना दोन तास वीज गेली तरी माणसं हाताने काम उरकत राहतात. तास मोजले तर दुसरी घटना बारापट मोठी, नुकसान पाहिलं तर पहिली. म्हणून विचारायचं: गेल्या तीन महिन्यांत वीज गेल्यामुळे किती हीट वाया गेल्या, आणि त्या दिवशीचा माल पार्टीला कधी पोचला. फाउंड्रीसाठी असा प्रश्न, यंत्रमागासाठी वेगळा. एकच प्रश्नावली सगळ्यांना चालवू नका.

दुसरं उदाहरण निपाणीचं. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बेंगळूर महामार्ग रोखला, त्या आंदोलनामुळे निपाणीचं नाव देशभर झालं. पण तंबाखूच्या धंद्यातला मोठा भाग बायकांच्या हातून होतो, वखारीत आणि घरात. बिडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला, हजारी मजुरीचे दर ठरत आले. तुम्ही जाऊन ‘हजाराला किती मिळतात?’ असं विचारलंत तर ठरलेला दर सांगितला जाईल. तो दर म्हणजे नियम. प्रत्यक्ष मजुरी काढायला आणखी तीन गोष्टी विचाराव्या लागतात: दिलेल्या पानात हजार बिड्या भरल्या का, की पान कमी पडलं आणि पदरचं घालावं लागलं? छाट किती काढली, म्हणजे खराब ठरवून किती बाजूला टाकल्या? त्या छाटीचे पैसे मिळाले का?

हिशेब करून पाहू. आकडे फक्त समजावण्यासाठी धरलेत. हजाराला ३०० रुपये ठरलेत. हजार पास व्हायला बाईंनी १०६० वळल्या, ६० छाटीत गेल्या. ४० रुपयांचं पान त्यांनी स्वतः आणलं. म्हणजे १०६० बिड्यांच्या कष्टाला २६० रुपये हातात, हजाराला सुमारे २४५. कागदावर ३०० आणि पदरात २४५, या दोन आकड्यांमधलं अंतर कंत्राटदारागणिक बदलतं. ते कुठे कमी आहे, कुठे जास्त आहे आणि जिथे कमी आहे तिथे काय वेगळं आहे (संघटना आहे का, दुसरा कंत्राटदार जवळ आहे का), हा संस्थांचा अभ्यास झाला.

नफ्याविषयी एक दिलासा. सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुडरफ यांनी श्रीलंकेतल्या अगदी छोट्या धंद्यांत हे तपासलं. विक्री किती, माल किती, मजुरी किती असं एकेक विचारून वजाबाकी करण्यापेक्षा ‘सगळा खर्च जाऊन गेल्या महिन्यात तुमच्याकडे किती उरले?’ असं सरळ विचारलं तर उत्तर खऱ्याच्या जास्त जवळ येतं, असं त्यांना २००९ च्या अभ्यासात आढळलं. विक्रीचा आकडा लोक सुमारे ३० टक्के कमी सांगत होते. तेव्हा लांबलचक तक्ते भरायला लावून माणसाला दमवू नका.

उलाढाल विचारताना मात्र फार हळुवार राहा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून छोट्या विक्रेत्यांना वाणिज्य कर खात्याच्या नोटिसा गेल्या आणि कित्येक दुकानांत ‘फक्त रोख’ असे कागद लागले. जीएसटीची मर्यादा मालासाठी ४० लाख, सेवेसाठी २० लाख. या दोन आकड्यांच्या आसपास कुणीही खरं सांगायला कचरणार. नेमका आकडा न मागता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे रकमांचे पट्टे दाखवा आणि बोट ठेवायला सांगा.

नोंदणीविषयी विचारताना ‘का केली नाही?’ असा सूर नको. श्रीलंकेतच याच तिघांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नोंदणीची माहिती दिली, फीही परत करून दिली, तरी कुणी फारसं पुढे आलं नाही. पंधरा-तीस दिवसांच्या नफ्याइतके पैसे देऊ केले तेव्हा सुमारे एक पंचमांश लोकांनी नोंदणी केली, दोन महिन्यांच्या नफ्याइतके दिले तेव्हा जवळपास निम्म्यांनी. उरलेल्यांचं मोठं कारण निघालं जागेचे कागद. आपल्याकडेही शेड वडिलोपार्जित जागेत, उतारा अजून आजोबांच्या किंवा चुलत्यांच्या नावावर आणि वाटणी झालेली नाही, असं असू शकतं. तेव्हा जागा कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न यादीत हवाच.

वरकड पैशांचं कसं विचारायचं

लाच किंवा ‘चहापाणी’ याविषयी थेट विचारायचं नाही. एंटरप्राइझ सर्व्हेतही ‘तुम्ही दिलेत का’ असं न विचारता ‘तुमच्यासारख्या उद्योगांना कामं मार्गी लागायला असे पैसे द्यावे लागतात असं ऐकतो, साधारण किती?’ अशा तऱ्हेने विचारतात. कोणत्याही अधिकाऱ्याचं नाव निघालं तरी लिहू नका. त्याने मुलाखत देणारा अडचणीत येतो आणि तुमचा अभ्यास तक्रार अर्ज बनतो.

भाषा, वेळ, वागणूक

प्रश्नावली मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा, आणि एक जण तरी दोन्ही बोलणारा सोबत असू द्या. उद्यमबागेत मालक मराठी, सुपरवायझर कन्नड, हेल्पर उत्तरेकडचा, असं सर्रास असतं. कॉलेजचं पत्रही दोन्ही भाषांत हवं.

भाषा हा इथे अभ्यासाचाही विषय आहे. इकडचे सरकारी अर्ज आणि नोटिसा कन्नडमध्ये येतात. २०२४ च्या दुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं. ज्या मराठी उद्योजकाला कन्नड वाचता येत नाही, तो एजंट गाठतो. त्यावर भावनेने लिहिलेलं खूप आहे, मोजलेलं फार थोडं. सरळ विचारा: शेवटचा अर्ज कुणी भरला, त्याला किती दिले, नोटीस आल्यावर ती कुणाकडून वाचून घेतली, उत्तर द्यायला किती दिवस गेले. हेच प्रश्न कन्नड उद्योजकालाही विचारा, कारण एजंट त्यालाही लागत असेल, आणि तेव्हाच कळेल की खर्च भाषेचा किती आणि किचकट कागदांचा किती.

फाउंड्रीत ओतकाम चालू असताना जाऊ नका. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीची रिटर्न भरायची असतात, तेव्हा हिशेब पाहणारा माणूस मोकळा नसतो. १ नोव्हेंबरचा (राज्योत्सव आणि काळा दिन) आठवडा टाळा. निवडणुकीच्या दिवसांत तर प्रश्नावली घेऊन फिरूच नका. बिडी वळणाऱ्या अक्कांकडे दुपारी, हातातलं काम न थांबवता बोलता येतं. खाली त्यांच्याशेजारी बसा. मालकाच्या किंवा कंत्राटदाराच्या समोर कामगाराची मुलाखत घेऊ नका.

सुरुवातीलाच सांगा की आम्ही सरकारकडून आलो नाही, कर्ज किंवा योजना मिळवून देणार नाही, आणि नको असेल तो प्रश्न सोडा. कागदावर नाव न लिहिता क्रमांक टाका. क्रमांक कुणाचा हे ज्या वहीत आहे ती वही वेगळी, कुलपात.

आकडे मांडताना

सरासरीवर विसंबू नका. पाच बिलं ३०, ३५, ४०, ४५ आणि २०० दिवसांनी मिळाली असतील तर सरासरी ७० दिवस येते, पण मधला आकडा ४० आहे. दोन्ही द्या, आणि ते २०० दिवस कुणाचे याची स्वतंत्र चौकशी करा. साठ-सत्तर मुलाखतींतून ‘बेळगाव जिल्ह्यात असं आहे’ असं लिहिता येत नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांच्या वर होती. ‘आम्ही पाहिलेल्या या वसाहतीत’ असंच लिहा. किती दारांना गेलात, किती जण नाही म्हणाले, किती शेड बंद होत्या, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर टाका.

कारण सांगायची घाई नको. ज्यांच्याकडे एकच पार्टी आहे त्यांना पैसे उशिरा मिळतात असं दिसलं, तर ते एका पार्टीमुळे असेल, किंवा ते उद्योग मुळात नवे आणि लहान असल्यामुळेही असेल. वय आणि कामगारसंख्या सारखी असलेल्यांची आपापसात तुलना करून पाहा. तरीही फरक राहिला तर तेवढंच म्हणा.

अहवाल झाल्यावर

ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे एक पानाचा गोषवारा घेऊन परत जा, दोन्ही भाषांत. वसाहतीचा मधला आकडा इतके दिवस, तुमचा इतके दिवस, एवढं प्रत्येकाला त्याच्यापुरतं दाखवा. बरेच जण तिथेच सांगतील की अमुक बिल वेगळं होतं, तमुक महिन्यात संप होता. ते टिपून अहवालात घाला. कुणाचा आक्षेप असेल तर तोही त्याच्या शब्दांत छापा. नावं काढून टाकलेली माहिती आणि कोरी प्रश्नावली विभागाच्या ग्रंथालयात ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याच दारांवर पाठवा, म्हणजे दुसऱ्यांदाची पाहणी आपोआप होईल. त्यांना सांगून ठेवा की गेल्या वर्षी चालू होत्या आणि आता बंद दिसतात, त्या शेडपासून सुरुवात करा.